मिग-२१ ला ॲल्युमिनियम मारायचंय: मेटॅलिक रंग एअरब्रशसाठी किती पातळ करावा?

ओझर७७

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. १/४८ मापाचं मिग-२१एफएल करतोय, आपल्या हवाई दलाचं, उघड्या धातूच्या रूपातलं. जोडणी झाली, सांधे भरून घासून झाले, राखाडी प्रायमरही मारून झालाय. आता अंगाचा रंग, आणि तिथे गाडी अडलीय.

हे मॉडेल बाबांसाठी आहे. ते ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते आणि एफएल, म्हणजे हवाई दलाचं टाइप ७७, तिथेच बनायचं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तो आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिला. त्याच दिवशी ठरवलं की घरात एक मिग हवंच. त्यामुळे रंग ‘चालेल’ असा नको, बरोबर हवा.

माझ्याकडे टामियाचा ॲक्रिलिक एक्स-११, म्हणजे क्रोम सिल्व्हर, आहे, सोबत एक्स-२०ए थिनर. एअरब्रश ०.३ मिमी नॉझलचा, ग्रॅव्हिटी कप, छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर. दाब २५ पीएसआय. प्लॅस्टिकच्या चमच्यांवर चाचणी घेतली. एकास एक मिसळलं तर कणीदार, खरखरीत थर बसतो, बोट फिरवलं की हाताला लागतो. आणखी थिनर घातला तर रंग ओघळून कडेला जमतो आणि मधे राखाडी डाग राहतात. हाच एअरब्रश साधा राखाडी आणि हिरवा अगदी छान मारतो, म्हणजे यंत्राचा दोष नसावा.

तर प्रमाण किती ठेवायचं? थिनर कुठला? हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर चालेल का? आणि खाली चकचकीत काळा मारावाच लागतो का?

भोसरीकर

ओझरवाले भाऊ, आधी तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. ज्या हातांनी खरं टाइप ७७ घडवलं त्यांच्या टेबलावर ठेवायचं मॉडेल आहे, तेव्हा नीट सविस्तर लिहितो.

मी आयुष्यभर गाड्यांचं पेंटिंग केलं. भोसरीत वर्कशॉप होतं, आता मुलगा बघतो, आणि मी घरी बसून जेट विमानं रंगवतो. मेटॅलिक सिल्व्हर गाडीचा एकच दरवाजा रंगवून शेजारच्या पॅनलशी शेड जुळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. तिथे जे शिकलो तेच मॉडेलला जसंच्या तसं लागू पडतं, कारण डबीतला माल तोच आहे.

साध्या रंगात असते बारीक पूड. ती कशीही पडली तरी दिसायला सारखीच. मेटॅलिकमध्ये असतात ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या, आम्ही त्यांना फ्लेक म्हणतो. त्या आडव्या निजल्या तर उजेड समोर परततो आणि धातू दिसतो. उभ्या किंवा वाकड्यातिकड्या राहिल्या तर उजेड विखुरतो आणि राखाडी कणी दिसते. म्हणजे थिनर घालायचा तो रंग नुसता पातळ व्हावा म्हणून नाही. फ्लेकला आडवं व्हायला क्षणभर वेळ मिळाला पाहिजे, आणि आडवं झाल्यावर तो तिथेच धरून ठेवला पाहिजे. म्हणून मी आधी प्रमाण विचारत नाही, थिनर किती वेळात उडतो ते विचारतो.

तुमच्या दोन्ही चमच्यांचं कारण ह्यातच आहे. पहिल्या चमच्यावर रंग घट्ट आणि हवा २५ पीएसआय. थेंब चमच्यावर पोचायच्या आधी वाटेतच निम्मा वाळला आणि फ्लेक जसा आदळला तसाच चिकटला. ह्याला आम्ही कोरडा कोट म्हणतो. दुसऱ्या चमच्यावर थर ओला आणि जाड. त्यात थिनर वर येऊन उडत असतो, आत रंग घोळत असतो, फ्लेक त्याच्याबरोबर वाहत जाऊन कुठेतरी गोळा होतात. गाडीवर ह्याच कारणाने ढगाळ डाग पडतात. शेडसुद्धा बदलते: एकाच डब्यातलं सिल्व्हर कोरडं मारलं तर उजळ उतरतं, ओलं मारलं तर गडद. गिऱ्हाईक म्हणतं रंग चुकीचा आणला. रंग तोच असतो, मारायची पद्धत वेगळी असते.

आता तुमच्या बाटलीचं बोलू. एक्स-२०ए वाईट नाही, साध्या रंगाला मी तोच वापरतो. पण एक्स-११ ला टामियाचाच लॅकर थिनर घाला, पिवळ्या झाकणाचा. बाटली ॲक्रिलिकची असली तरी तो तिच्यात व्यवस्थित मिसळतो, आणि थर जास्त सपाट बसतो. एक भाग रंग, दोन भाग थिनर इथून सुरुवात करा. कपाच्या भिंतीवर ब्रशने वर ओढून बघा: साय काढलेल्या दुधाइतकं पातळ उतरलं पाहिजे आणि मागे फिकट पारदर्शक पडदा राहिला पाहिजे. पहिल्या हातात खालचा प्रायमर दिसेल. दिसू द्या. मेटॅलिक एका हातात झाकायला गेलात की बिघडलं.

एक सावधगिरी. टामियाचा एक्स-२० वेगळा आणि एक्स-२०ए वेगळा. नुसता एक्स-२० इनॅमलचा आहे, तो ॲक्रिलिकमध्ये गेला की गुठळ्या होतात. नावात एका अक्षराचा फरक आहे, दुकानात लेबल वाचून घ्या.

एनसी थिनर अंगावर मारू नका. तो कडक असतो, पॉलिस्टायरीन खातो. प्रायमर असला तरी खाली झिरपतो आणि तुम्ही घासून बुजवलेले ओरखडे पुन्हा वर येतात. एअरब्रश धुवायला मात्र उत्तम.

दाब १२ ते १५ पीएसआयवर आणा. काटा बघताना ट्रिगर दाबून, हवा सुरू ठेवून बघा. हवा बंद असताना १५ दाखवणारा काटा सुरू केल्यावर १० वर येतो. अंतर पाच ते सात सेंटिमीटर. हात सरळ रेषेत, न थांबता, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. थर पडल्यावर दोनचार सेकंद ओलसर दिसून मग मंद झाला पाहिजे. पडताक्षणी मंद दिसला तर कोरडा पडतोय: जवळ जा किंवा दाब उतरवा. बराच वेळ चमकत राहिला तर ओला आहे: हात वेगाने फिरवा. दोन कोटांत पाच-दहा मिनिटं द्या. असे चार-पाच पातळ कोट लागतात.

शेवटचा हात आम्ही गाडीवर वेगळा मारायचो, त्याला ड्रॉप कोट म्हणतात. उरलेल्या रंगात आणखी थोडा थिनर, दाब थोडा कमी, गन जरा लांब, आणि सगळ्या पॅनलवरून एक हलकी फेरी. आधीच्या फेऱ्यांचे पट्टे त्याने मिटतात. १/४८ च्या पंखालाही हे लागू पडतं.

कपाकडे लक्ष ठेवा. ॲल्युमिनियम जड, ते खाली बसतं. कपात तळ म्हणजे थेट नॉझलचं तोंड. मिनिटभर थांबलात तरी पुन्हा सुरू करताना आधी कागदावर मारा आणि मगच मॉडेलवर या. मधेमधे कप ब्रशने ढवळा. बाटलीत हलवायला गोळी टाकत असाल तर काचेची किंवा स्टेनलेसची टाका, साधी लोखंडी गोळी पाण्याच्या रंगात गंजते. आणि काम झाल्यावर नीडल काढून धुवा. धुतलेला थिनर वेगळा ठेवा, नाहीतर पुढच्या विमानाच्या पांढऱ्यात चांदीचे ठिपके निघतात.

काळ्याबद्दल. एक्स-११ ला चकचकीत काळा सक्तीचा नाही. गुळगुळीतपणा सक्तीचा आहे. मेटॅलिक काही झाकत नाही, उलट दाखवतं. प्रायमर २००० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा, मग ३००० ने, आणि दिवा बाजूने धरून तिरकं बघा. ओरखडा दिसला तर तो रंगानंतर दुप्पट दिसेल. काळा लागतो तो अल्क्लॅड ह्या मेटॅलिक लॅकरच्या जास्त चमकेच्या छटांना, म्हणजे पॉलिश्ड ॲल्युमिनियम, एअरफ्रेम ॲल्युमिनियम आणि क्रोम. अल्क्लॅड कधी मिळालाच तर त्यात थिनर अजिबात घालू नका, तो पातळ करूनच बाटलीत भरलेला असतो.

बाबांना एक विचारा: एफएल त्यांच्या आठवणीत कसं दिसायचं, आरशासारखं की मळकट? त्यावर पुढचं ठरेल.

तिसरा_मजला

भोसरीकर काकांनी लॅकरचं इतकं छान सांगितलंय की त्यात भर घालायची नाही. मी दुसऱ्या वाटेचं लिहिते, कारण सगळ्यांना घरात लॅकर मारता येत नाही. माझं ठाण्यात छोटं घर आहे, बाळ दोन वर्षांचं, आणि काम बाल्कनीत चालतं. मी १/१२ च्या मोटरसायकली करते, म्हणजे इंजिन, सायलेन्सर, फोर्क, सगळा धातूच.

मी व्हॅलेहोचा मेटल कलर वापरते. पाण्याचा रंग आहे, फ्लेक खूपच बारीक, आणि बाटलीतून थेट कपात ओतता येतो. ०.३ ला पातळ करावा लागत नाही. नॉझलच्या टोकाला वाळायला लागला तर त्याच कंपनीचा एअरब्रश थिनर किंवा फ्लो इम्प्रूव्हर, तोही थेंबाने. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र चुकूनही नको. टामियाच्या ॲक्रिलिकला ते चालतं म्हणून लोक ह्यातही घालतात आणि कपात जेली तयार होते, मग नीडलसुद्धा ओढून काढावी लागते.

मोटरसायकलच्या इंजिनावर ड्युराॅल्युमिनियम, क्लचच्या झाकणावर ॲल्युमिनियम आणि एक्झॉस्टच्या सुरुवातीला जेट एक्झॉस्ट, ह्या तिघांचा फरक अगदी मापात दिसतो. तुमच्या मिगच्या पॅनलांनाही हेच करता येईल. हा थर लॅकरइतका टणक नसतो, म्हणून टेप लावायच्या आधी निदान रात्रभर ठेवा आणि टेप तळहातावर दोनदा दाबून तिचा चिकटपणा कमी करून घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठतं. मेटॅलिकमध्ये पाण्याचा एक थेंब आला की गोल डाग पडतो आणि तो पुसता येत नाही. मॉइश्चर ट्रॅप बसवा आणि दर बैठकीआधी टाकीचं पाणी सोडा. नाशिकची हवा कोरडी असली तरी जुलैत तुम्हालाही लागेल.

आणि मास्क. ॲक्रिलिक असलं तरी तुषार फुप्फुसात जातोच, त्याला एन-९५ पुरतो. लॅकरची वाफ त्याने अडत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा, आणि खोलीत उदबत्ती किंवा देवाचा दिवा लागलेला नको.

संत्रानगरी

काका, एक मतभेद नोंदवतो. मी नागपूरला. माझा अनुभव असा की मेटॅलिकला मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनरच सर्वोत्तम. त्यात रिटार्डर असतो, रंग हळू वाळतो, फ्लेकला आडवं व्हायला भरपूर वेळ मिळतो. लवकर उडणारा थिनर घेतला तर माझ्याकडे कणीच येते. एक्स-११ आणि लेव्हलिंग थिनर ही जोडी तर सगळीकडे नावाजलेली आहे. तुम्ही साधा लॅकर थिनर का सुचवला?

भोसरीकर

तुमचं नागपुरात बरोबर आहे, आणि मी भोसरीत बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे पारा ४४ च्या वर जातो. तिथे साधा थिनर नॉझल सोडतानाच अर्धा उडालेला असतो. रिटार्डर घालून तुम्ही त्याला पुण्याच्या वेगावर आणता. तोच लेव्हलिंग थिनर नाशिकच्या डिसेंबरमधल्या सकाळी घातला तर थर मिनिटभर ओला राहील, फ्लेक आडवा होईल आणि मग पोहत निघून जाईल. वर्कशॉपमध्ये आम्ही तीन थिनर ठेवायचो, थंडीचा, मधला आणि उन्हाळी. रंग तोच, ऋतू बघून थिनर बदलायचा.

जपानी कंपन्यांचंच बघा. मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर हळू वाळणारा, आणि त्याच कंपनीचा रॅपिड थिनर पटकन उडणारा. मेटॅलिकसाठी तो रॅपिड मुद्दाम घेणारे लोक आहेत, कारण पातळ हातात मारला तर फ्लेक पडला तिथेच बसतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. हळू थिनर घेतलात तर कोट अगदी झिरझिरीत मारा, भरपूर थांबून. लवकर उडणारा घेतलात तर जवळून आणि कमी दाबाने मारा.

दमट हवेत मात्र उलटी काळजी. पावसात लवकर उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो. मुंबई-कोकणातल्यांनी पावसाळ्यात रिटार्डर ठेवावाच, किंवा सरळ उघडीप मिळेपर्यंत थांबावं.

ओझर७७

काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. लॅकर थिनर मागवला. एकास दोन, १४ पीएसआय, हवा सुरू ठेवून काटा लावला. चमच्यावर कणी गेली! बोट फिरवलं तर गुळगुळीत, आणि चमचा दिव्याखाली फिरवला की उजेड एका बाजूने दुसरीकडे सरकतो. ड्रॉप कोटने पट्टेही मिटले.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, “आरसा अजिबात नव्हता. पत्रा होता तो. प्रत्येक पॅनल वेगळा दिसायचा, आणि मागे इंजिनाच्या बाजूला तर रंगच वेगळा.” मग त्यांनी पेन्सिल घेऊन माझ्या आराखड्यावर पॅनलांवर खुणा केल्या, कुठला उजळ, कुठला गडद. तो कागद मी जपून ठेवलाय.

आता दोन प्रश्न. ह्या वेगवेगळ्या छटा एक्स-११ मधूनच काढता येतील का? आणि डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, लावायच्या आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारावा का?

भोसरीकर

बाबांनी सगळं सांगून टाकलं. प्रत्येक पॅनल वेगळा, म्हणजे आता तुम्हाला चमकेच्या मागे धावायचं नाही, फरकाच्या मागे जायचंय.

आधी सगळं अंग एक्स-११ ने पूर्ण करा आणि दोन दिवस वाळू द्या. मग बाबांच्या खुणांप्रमाणे एकेक पॅनल टेपने वेगळा करा. गडद पॅनलांसाठी एक्स-११ मध्ये एक्सएफ-१६ फ्लॅट ॲल्युमिनियम मिसळा, काही ठिकाणी काळ्याचा एखादा थेंब. काळा जपून, कारण साधी पूड फ्लेकच्या मधे शिरली की धातूपणा झपाट्याने मरतो. फरक जेमतेम जाणवेल इतकाच ठेवा. कपात मिश्रण फार वेगळं वाटलं तर पॅनल ठिगळासारखा दिसेल. आणि टेप काढताना वर ओढू नका, मागे दुमडून पृष्ठभागाला चिकटून सोडवा.

शेपटीकडच्या भागाला मी वेगळा रंग न घेता वरून पातळ पारदर्शक थर देतो. टामियाचा स्मोक, एक्स-१९, भरपूर थिनरमध्ये, त्यात क्लिअर ऑरेंजचा एखादा थेंब. खालचं ॲल्युमिनियम त्यातून दिसत राहतं आणि तापलेल्या पत्र्याचा पिंगट रंग येतो. दोन हात पुरेत. नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हे धातूचे भाग नाहीत, ते शेवटी टेप लावून वेगळे रंगवा.

क्लिअरचं. सगळ्या अंगावर मारू नका. फ्लेकच्या वर क्लिअर बसला की उजेड आधी त्यातून जातो आणि ॲल्युमिनियम राखाडी, प्लॅस्टिकी दिसायला लागतं. चमक जितकी जास्त तितका तोटा जास्त, क्रोमचं तर पूर्ण वाटोळं होतं. तुमचा थर आता गुळगुळीत आहे, त्यावर डिकॅल तसेच बसतील. पण एक्स-११ वर बोटं फार फिरवली की तो घासला जातो, हातात मोजे घाला. डिकॅल सॉफ्टनर, म्हणजे डिकॅल मऊ करणारा द्रव, आधी त्या चमच्यावर टाकून रात्रभर ठेवा. डाग पडला तर साधं कोमट पाणी आणि ओला कापूस वापरा, सॉफ्टनर नको. डाग नाही पडला तर हवाई दलाच्या चक्रावर आणि अंकांवर बिनधास्त लावा, फक्त कडेने ओघळलेला थेंब लगेच टिपून घ्या.

डिकॅलची पारदर्शक कड धातूवर फार उठून दिसते. पाण्यात टाकायच्या आधी नव्या ब्लेडने ती छापलेल्या रंगाच्या अगदी जवळून कापून घ्या. चक्राला गोल कापायला वेळ लागेल. पट्टीने नाही जमणार, छोट्या कात्रीने कागद फिरवत कापा.